बोंबलाचं सख्खं कोण, चुलत कोण? सजीवांची नाती कशी शोधतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत जीवशास्त्र शिकवते. सुट्टीच्या दिवशी काही जणांना घेऊन शिवडीची खाडी, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, ससून डॉक असं फिरणं होतं. तिथे पक्षी नाहीतर मासा दाखवला की थोड्या वेळाने कोणीतरी विचारतंच, "हा कोणाच्या जवळचा?" आणि लगेच पुढचं, "पण हे तुम्हाला कळतं कसं?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उभ्या-उभ्या देता येत नाही, म्हणून इथे सवडीने लिहिलं आहे.

दोन प्राणी सारखे दिसतात म्हणजे ते नात्यातले, इतकं सोपं नाही का?

नाही. बाजारातलंच उदाहरण घ्या. पापलेट आणि हलवा शेजारी-शेजारी ठेवा. दोन्ही चपटे, उंच, गोलसर. हलव्याला बरेच जण काळं पापलेटच म्हणतात. प्रत्यक्षात पापलेट बांगडा आणि सुरमईच्या गोतावळ्यातलं आहे. हलवा वेगळ्याच घराण्यातला. त्याच्या शेपटीच्या बुडाशी बोट फिरवलं तर कडक खवल्यांची धार लागते. तशीच धार काटबांगड्याला असते आणि ती त्या दोघांच्या कुळाची खूण आहे. त्याहून नवल म्हणजे डीएनएच्या अभ्यासानुसार हलव्याचं घराणं पापलेटपेक्षा लेपाला, म्हणजे एका कुशीवर पडून राहणाऱ्या त्या पातळ माशाला, जास्त जवळचं आहे.

नातं म्हणजे सामायिक पूर्वज किती अलीकडचा, एवढंच. तुमची मावसबहीण तुमच्यासारखी दिसत नसेल, पण तुमची आजी एक आहे. समोरच्या इमारतीतला मुलगा हुबेहूब तुमच्या भावासारखा दिसत असेल, म्हणून तो वाटणीला येत नाही.

बोंबलाच्या बाबतीत मात्र कोळी समाजाने दिलेलं नाव आणि शास्त्र यांचा सुंदर मेळ बसतो. ज्या माशाला आपल्याकडे चोर बोंबील म्हणतात, तो खरंच बोंबलाच्या कुळातला आहे. अंगाने कडक, खवल्यांचा, पण जबडा उघडून बारीक दातांच्या रांगा पाहिल्या की घराणं ओळखू येतं. हे नाव ठेवणाऱ्याने निरखून पाहिलं असणार, याबद्दल मला शंका नाही.

मग सारखेपणावरून नातं काढतात तरी कसं?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला जीवशास्त्राबाहेर सापडलं, जुन्या पोथ्यांमध्ये.

छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हाताने उतरवून घेत. उतरवताना चुका होत, आणि त्या प्रतीवरून पुढची प्रत केली की जुनी चूक तिच्यात जशीच्या तशी जाई, वर एखादी नवी भर पडे. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, तो याच अडचणीपायी. पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि 1966 साली पूर्ण झालं. त्यात 1259 हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. मुख्य संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांनी या हस्तलिखितांची चक्क वंशावळ मांडली: कोणती प्रत कोणत्या शाखेतली, उत्तरेकडची की दक्षिणेकडची.

ही वंशावळ निघते कशी ते एका छोट्या वाक्यावर पाहू. समजा चार प्रती हाती आल्या आहेत.

पहिली: समुद्रावर वारा सुटला होता.
दुसरी: समुद्रावर तारा सुटला होता.
तिसरी: समुद्रावर तारा तुटला होता.
चौथी: समुद्रावर वारा सुटला होतां.

"समुद्रावर" हा शब्द चारही प्रतींत आहे. त्यावरून कोण कोणाच्या जवळ ते काहीच कळत नाही, कारण तो मूळ प्रतीतूनच सगळीकडे आला. पण "वारा"चा "तारा" झालेला फक्त दुसरीत आणि तिसरीत आहे. ती चूक बहुधा एकदाच, त्या दोघींच्या सामायिक पूर्वज-प्रतीत झाली. म्हणून दुसरी आणि तिसरी बहिणी. तिसरीत पुढे कोणीतरी "तारा सुटला" हे खटकलं म्हणून "तुटला" केलं. तो बदल तिचा एकटीचा, त्यावरूनही बाहेरचं नातं कळत नाही. पहिली आणि चौथी दोघींत "वारा" आहे, पण तेवढ्यावरून त्या बहिणी ठरत नाहीत. बदल न होणं हा नात्याचा पुरावा नव्हे.

सजीवांच्या अभ्यासात हाच नियम जर्मन कीटकतज्ज्ञ विली हेनिग यांनी 1950 साली काटेकोरपणे मांडला. सगळ्यांकडे असलेलं जुनं बाजूला ठेवा, एकट्याकडे असलेलं नवं बाजूला ठेवा. काहींनीच मिळून वाटून घेतलेला नवा बदल शोधा. या पानावरचं बाकी सगळं या एका वाक्याचा विस्तार आहे.

पोथीचं पटलं. पण सजीवांत अशी "चूक" दाखवता येते का?

येते, आणि ती तुमच्या-माझ्या अंगात आहे. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व आपल्या यकृतात तयार करतात. आपल्याला ते आवळ्यातून, लिंबातून घ्यावं लागतं. ते बनवण्याच्या शेवटच्या पायरीचं जनुक आपल्यात आहे, पण मोडकं. चिंपांझी, गोरिला, आणि राष्ट्रीय उद्यानात आपल्या पिशव्यांवर डोळा ठेवून बसलेली माकडं, या सगळ्यांत तेच जनुक मोडकं आहे आणि मोडतोडीच्या खुणाही जुळतात. गिनीपिगलाही क जीवनसत्त्व बनवता येत नाही, पण त्याचं जनुक वेगळ्या जागी, वेगळ्या तऱ्हेने मोडलं आहे.

म्हणजे परिणाम सारखा असूनही गिनीपिगचा आणि आपला अपघात वेगवेगळा. माकडांचा आणि आपला मात्र एकच, आपल्या सामायिक पूर्वजात घडलेला. निकामी जनुक जपून ठेवण्यात कोणाचाच फायदा नव्हता, म्हणून इथे "गरज सारखी म्हणून सारखं झालं" असंही म्हणता येत नाही. मला स्वतःला नात्याचा याहून बोलका पुरावा दुसरा वाटत नाही.

कोणता गुण जुना आणि कोणता नवा, हे कोण ठरवतं?

बाहेरचा साक्षीदार. ज्या गटाचा अभ्यास करायचा त्याच्या जरा बाहेरचा, पण फार दूरचा नसलेला सजीव सोबत घेतात. त्याला बहिर्गट म्हणतात. वरच्या उदाहरणात पाचवी, दूरच्या प्रांतातली प्रत मिळाली आणि तिच्यात "वारा" असलं, तर "वारा" जुना आणि "तारा" नवा हे ठरलं. बहिर्गट चुकीचा निवडला की झाडाचं मूळच भलत्या फांदीवर बसतं, म्हणून जाणकार एकाऐवजी दोन-चार बहिर्गट घेतात.

एकच गुण दोन ठिकाणी आपापला आला तर? मग फसायला होत नाही का?

होतं, आणि वर्षानुवर्षं होतं. दोन वेगळ्या लेखनिकांनी योगायोगाने "वारा"चा "तारा" केला तर पोथ्यांच्या संपादकाची जशी फसगत होईल, तशीच. याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

मुंबईकरासाठी याचा सगळ्यात मोठा धडा खाडीत उभा आहे. आपण "खारफुटी" एका शब्दात म्हणतो, पण ते एक घराणं नाहीच. तिवर हा अबोली, कोरांटी आणि अडुळशाच्या कुळातला. राष्ट्रीय उद्यानात आठेक वर्षांनी डोंगर निळा-जांभळा करणारी कारवीही त्याच कुळातली. कांदळ पडतो एरंड आणि कृष्णकमळ ज्या गणात (अनेक कुळं मिळून एक गण होतो) येतात त्या गणात. आणि चिप्पी? चिप्पी डाळिंबाच्या आणि मेंदीच्या कुळातली. तामणही त्याच कुळातलं. तामण हे महाराष्ट्राचं राज्यफूल, आणि 2020 साली राज्याचं खारफुटी झाड म्हणून जाहीर झालेली पांढरी चिप्पी त्याचीच आप्त. ही दोन मानचिन्हं एका घरातली निघावीत याचा मला दरवेळी आनंद होतो. शिवडीला गेलं की मी हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

खारं पाणी, श्वास घुसमटवणारा चिखल, भरती-ओहोटी: संकट एकच होतं. तिवराने आणि चिप्पीने चिखलातून वर डोकावणारी श्वासमुळं काढली, कांदळाने आधारमुळांच्या कमानी टाकल्या. तिवराला तर पूर्वी सागाच्या जुन्या कुळाजवळ बसवलं होतं. डीएनए वाचल्यावर ते अडुळशाकडे आलं.

आणखी एक उदाहरण माकुलाचं. माकुलाचा डोळा आपल्यासारखाच भिंगाचा, पण आत पाहिलं तर पडद्याच्या पेशी प्रकाशाकडे तोंड करून असतात आणि मज्जातंतू मागून निघतात. आपल्या आणि बोंबलाच्या डोळ्यात हे उलटं आहे, म्हणून आपल्याला आंधळा बिंदू आहे आणि माकुलाला नाही. माकूल तिसऱ्या, कालवं, गोगलगाय यांच्या गोतातलं. माशांशी त्याचं नातं फार फार दूरचं.

यावर उपाय एकच: एका गुणावर विसंबायचं नाही. शेकडो गुण, हजारो जनुकं एकत्र पाहायची. योगायोग एखाददुसऱ्या जागी होतो, सगळीकडे एकाच तऱ्हेने होत नाही.

त्या फांद्या-फांद्यांच्या आकृत्या वाचायच्या कशा?

मध्य रेल्वेचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे मूळ. मुख्य मार्ग कल्याणला फुटतो: एक फाटा कसाऱ्याला, दुसरा कर्जतवरून खोपोलीला. हार्बर मार्ग वडाळ्याला फुटतो: एक पनवेलला, एक गोरेगावला. कसारा, खोपोली, पनवेल, गोरेगाव हे आजचे सजीव समजा आणि फाटे फुटतात ती स्थानकं म्हणजे पूर्वज.

आता कसाऱ्याला जवळचं कोण? मागे येत राहा. खोपोलीची गाडी कल्याणलाच भेटते, पनवेलची पार टर्मिनसला. म्हणून खोपोली जवळची. नकाशात कसारा वर काढला की खोपोली, याने काही फरक पडत नाही. फांद्या देठापाशी फिरवता येतात, नातं तेच राहतं. टोकांचा क्रम पाहून "हा शेजारी म्हणून जवळचा" म्हणणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, आणि पाठ्यपुस्तकं चाळतानाही ती होते.

दुसरी चूक म्हणजे उजव्या किंवा वरच्या टोकाला "सर्वांत प्रगत" समजणं. खोपोली कसाऱ्याहून प्रगत नाही. दोन्ही तितक्याच वेळाचा प्रवास करून आजपर्यंत पोचले आहेत.

म्हणजे माणूस माकडापासून झाला की नाही?

आजच्या कोणत्याही माकडापासून झाला नाही. चिंपांझी आपला भाऊबंद आहे, आजोबा नव्हे. आपला आणि त्याचा सामायिक पूर्वज साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी होता आणि तो आजचा चिंपांझीही नव्हता, आजचा माणूसही नव्हता.

डीएनएवरून झाड प्रत्यक्षात बनवतात कसं?

आधी नमुना: पंखाचा तुकडा, पान, माशाच्या परातला छोटासा काप. त्यातून डीएनए वेगळा करून ठरावीक जनुकं किंवा अख्खा जनुकसंच वाचतात. मग सगळ्यांची तीच तीच जनुकं एकाखाली एक मांडतात, वर चार प्रतींची वाक्यं मांडली तशी. ही मांडणी दिसायला कारकुनी काम, पण इथे एक अक्षर सरकलं की पुढचं सगळं बिघडतं. माझ्या मते निम्मं कौशल्य इथेच लागतं.

त्यानंतर प्रश्न येतो की शक्य झाडांपैकी कोणतं झाड या मांडणीशी सगळ्यात चांगलं जुळतं. तीन सजीवांची मूळ असलेली झाडं फक्त 3 होतात. चारांची 15. दहांची 3,44,59,425. क्रिकेटच्या संघातल्या 11 जणांची वंशावळ मांडायची म्हटली तर 65,47,29,075 शक्यता. विसांची संख्या 22 अंकी होते. म्हणून सगळी झाडं तपासणं संगणकालाही जमत नाही. चांगल्या झाडापासून सुरुवात करून थोडे थोडे बदल करत तो शोध घेतो.

"चांगलं" म्हणजे काय, यावर मात्र पूर्वी कडाक्याचे वाद झाले. एक मत काटकसरीचं: ज्या झाडात कमीत कमी बदल मानावे लागतात ते घ्या. दुसरं मत संभाव्यतेचं: डीएनएमधली अक्षरं कशी बदलतात याचं गणित मांडा आणि हाती आलेली माहिती कोणत्या झाडावर येण्याची शक्यता सर्वाधिक ते पाहा. अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ फेल्झनस्टाइन यांनी 1978 मध्ये दाखवलं की दोन फांद्या फार वेगाने बदलत असतील तर काटकसरीची पद्धत त्यांना खोटंच जवळ आणते, आणि माहिती वाढवली तर त्या चुकीवरचा विश्वासही वाढत जातो. म्हणून आज डीएनएसाठी बहुतेक जण संभाव्यतेच्या पद्धती वापरतात.

झाडाच्या फाट्यांवर 98, 71 असे आकडे छापलेले दिसतात. तेही फेल्झनस्टाइन यांचंच देणं, 1985 सालचं. मांडणीतल्या उभ्या रकान्यांतून चिठ्ठ्या काढाव्यात तसे रकाने निवडायचे. निवडलेला पुन्हा टोपलीत टाकायचा, म्हणजे काही दोनदा येतील, काही येणारच नाहीत. अशा शंभर मांडण्या करून शंभर झाडं बनवायची. 98 म्हणजे त्यातल्या 98 झाडांत तो गट टिकला. हा आकडा त्या माहितीचा भक्कमपणा सांगतो. झाड खरं असण्याची टक्केवारी म्हणून तो वाचू नये.

डीएनए वाचता येतो, मग हाडं, जीवाश्म आणि संग्रहालयांतले जुने नमुने कशाला हवेत?

कारण नामशेष झालेल्यांचा डीएनए बहुधा उरतच नाही, आणि त्यांच्याशिवाय गोष्टीचा मधला भाग गायब होतो.

मुंबईच्या किनाऱ्याजवळ डॉल्फिन दिसतात. त्यांचे आणि देवमाशांचे सगळ्यात जवळचे जिवंत आप्त भायखळ्याच्या राणीबागेत डुंबत असतात: पाणघोडे. 1999 साली जपानी संशोधकांनी हे डीएनएमध्ये इकडून तिकडे उड्या मारून बसणाऱ्या तुकड्यांवरून दाखवलं. असा तुकडा एकदा एखाद्या जागी बसला की सहसा निघत नाही. देवमासा आणि पाणघोडा दोघांत तो नेमक्या त्याच जागी सापडला, डुकरात आणि उंटात नाही. पण पाय असलेला प्राणी समुद्रात गेला कसा, ते डीएनए सांगत नाही. ते जीवाश्मांनी सांगितलं. भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मू भागातल्या कालाकोटजवळ खडक गोळा करून ठेवले होते. पुढे त्यांतून इंडोहायस या हरणाएवढ्याही नसलेल्या, खुरांच्या प्राण्याची कवटी मोकळी झाली आणि 2007 मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिच्या कानाच्या हाडाची आतली भिंत जाड आहे. ही खूण तोवर फक्त देवमाशांच्या वंशातच माहीत होती. सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचं एक कानाचं हाड, आणि त्याने नातं बोलून दाखवलं.

जुन्या नमुन्यांचंही तेच. फोर्टमधल्या हॉर्नबिल हाउसमध्ये 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आहे. नवी प्रजाती म्हणून काही सापडलं तर आधी अशा कपाटांतल्या नमुन्यांशी ताडावं लागतं. 2021 साली मुंबईच्या परिसरातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला 26/11 च्या हल्ल्यात प्राण दिलेल्या तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं: आयशियस तुकारामी. नावातला पुढचा शब्द आदराचा, पण आधीचा शब्द नात्याचा दावा आहे. तो करण्यासाठी नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांची रचना भिंगाखाली पाहून तो कोणत्या वंशात बसतो ते सिद्ध करावं लागतं.

"इतक्या कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले" हे कशावरून?

डीएनएतले बदल साधारण एका गतीने साठतात, ही कल्पना एमिल झुकरकांड्ल आणि लायनस पॉलिंग यांनी 1960 च्या दशकात मांडली. मात्र हे घड्याळ प्रत्येक घराण्यात सारखं चालत नाही. उंदराचं भराभर, कासवाचं सावकाश. त्यामुळे ज्यांचं वय खडकावरून कळतं अशा जीवाश्मांनी ते लावून घ्यावं लागतं.

असा एक जीवाश्म खुद्द वरळीचा आहे. दख्खनचा लाव्हा थांबून थांबून येत होता आणि मधल्या काळात तळी साचत होती. त्या तळ्यांच्या गाळात इवलेसे बेडूक दबले. 1847 मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड ओवेन यांनी त्यांना राना या नेहमीच्या बेडकांच्या वंशात बसवलं. पुढे त्यांना इंडोबॅट्राकस हा स्वतःचा वंश मिळाला, आणि त्यांचे आप्त कोण यावर नंतरही वाद होत राहिला. वरळी सी फेसवर बसताना पायाखालच्या खडकाच्या थरांत सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे बेडूक आहेत, हे मनात असू द्या.

वेगवेगळी जनुकं वेगवेगळं झाड सांगत असतील तर कोणाचं खरं मानायचं?

हे अगदी नेहमी होतं. 2012 साली गोरिलाचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा दिसलं की सुमारे 30 टक्के भागात गोरिला माणसाला किंवा चिंपांझीला, त्या दोघांच्या आपसातल्या जवळिकीपेक्षा जास्त जवळचा आहे. तरीही एकूण जनुकसंचाचा कौल स्पष्ट आहे: माणूस आणि चिंपांझी सख्खे, गोरिला त्यांचा चुलत. आजीच्या दागिन्यांची वाटणी आठवा. कोणता दागिना कोणत्या नातवाकडे गेला यावरून एकेकट्याने नातं काढलं तर गोंधळ होतो, पण म्हणून कुटुंब बदलत नाही.

जिवाणूंत प्रकरण आणखी अवघड. ते शेजाऱ्यालाही जनुकं देतात, मग तो नात्यातला असो वा नसो. औषधाला दाद न देण्याचा गुण असाच पसरतो. लोकलच्या नकाशात हा ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर मार्ग झाला: दोन वेगळ्या फांद्यांना मधूनच जोडणारा. अशा ठिकाणी निव्वळ झाड पुरत नाही, जाळं काढावं लागतं.

शाळेत शिकलेलं वर्गीकरण बदललं. म्हणजे आधीचं खोटं होतं का?

त्या वेळच्या पुराव्यावर ते प्रामाणिक होतं. पुरावा वाढला तसं काही सुधारलं. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, लांब पायांमुळे करकोच्यांच्या पंक्तीत बसायचे. 2001 पासूनच्या डीएनए अभ्यासांनी त्यांचे सगळ्यात जवळचे आप्त म्हणून टिबुकलीचं कुळ दाखवलं: तलावावर बुड्या मारणारा तो बुटका, आखूड पायांचा पक्षी. सुरुवातीला अनेकांना हे पचलं नाही. मग शरीररचना पुन्हा तपासली गेली आणि दोघांच्या अंड्यांवर सारखाच खडूसारखा थर असल्यासारख्या खुणा पुढे आल्या. ठाण्याच्या खाडीवर लोक गुलाबी थव्याचे फोटो काढत असतात तेव्हा मी त्यांना टिबुकलीचाही फोटो काढायला सांगते.

तसाच ससाणा. हिवाळ्यात उंच इमारतींवर येणारा बहिरी ससाणा घारीचा भाऊबंद वाटतो. चोच बाकदार, नखं तीच, शिकार तीच. पण तो पोपटांना आणि चिमणी-कावळ्यांना जवळचा आहे, घारीला नाही. 2008 च्या एका मोठ्या अभ्यासाने हे ठळकपणे मांडलं आणि नंतरच्या पुराव्यांनी ते टिकलं. कासवांनाही सरपटणाऱ्यांच्या अगदी जुन्या फांदीवरून उचलून मगर-पक्ष्यांच्या शेजारी आणावं लागलं.

सगळंच मिटलेलं नाही. प्राण्यांच्या झाडाच्या बुंध्याशी आधी स्पंज वेगळे झाले की कंगवा-जेली (जेलीफिशसारखे दिसणारे पारदर्शक समुद्री प्राणी), यावर आजही शास्त्रज्ञ भांडतात.

पवईची मगर कावळ्याला जवळची, हे खरं?

खरं. मगर पालीपेक्षा पक्ष्यांना जवळची आहे. हृदयाचे चार कप्पे, कवटीतली छिद्रं, डीएनए, सगळं तेच सांगतं. पक्षी डायनासोरच्या फांदीवरचे, आणि मगर त्या फांदीची सख्खी शेजारीण.

आणि झुरळ कोळंबीचं नातेवाईक?

हो. कीटकांची फांदी कवचधारी प्राण्यांच्या झाडातूनच फुटली आहे. झुरळ कोळिष्टकातल्या कोळ्यापेक्षा कोळंबीला आणि चिंबोरीला जवळचं. हे ऐकून कोणी कोळंबी सोडल्याचं मला माहीत नाही.

"मासा असा काही गटच नाही" म्हणतात, ते काय?

पापलेट मुशीपेक्षा तुम्हाला जवळचं आहे. मुशी आणि पाकट कूर्चेच्या सांगाड्याचे, त्यांची फांदी आधीच वेगळी झाली. त्यानंतर हाडांचा सांगाडा असलेल्यांच्या फांदीतून एकीकडे पापलेट-बोंबील आले, दुसरीकडे बेडूक, पाल, पक्षी आणि आपण. "मासा" हा शब्द बाजारासाठी आणि ताटासाठी उत्तम आहे. वंशावळीत तो बसवायचा तर त्यात आपल्यालाही घ्यावं लागेल.

याचा साध्या माणसाला उपयोग काय?

करोनाच्या काळात हेच शास्त्र रोज कामी आलं. त्या विषाणूचा जनुकसंच सुमारे 30,000 अक्षरांचा, आणि प्रसार होत असताना महिन्याला साधारण दोन अक्षरं बदलत. रुग्णांच्या नमुन्यांतले हे सामायिक बदल जुळवून कोणती साखळी कुठून आली, नवा प्रकार कोणत्या फांदीवरचा, हे कळत होतं. भारतात 2020 च्या अखेरीस दिसलेल्या प्रकाराला पुढे डेल्टा नाव मिळालं, तो असाच ओळखला गेला. 2021 मध्ये मुंबई महापालिकेच्या कस्तुरबा रुग्णालयात जनुकवाचनाची प्रयोगशाळा सुरू झाली. लेखनिकाची चूक शोधण्याची ती जुनी युक्ती तिथे माणसांच्या जिवासाठी वापरली गेली. मला त्या दिवसांत आपल्या विषयाचा जितका अभिमान वाटला, तितका आधी कधी वाटला नव्हता.

मुलीला हे घरी करून दाखवायचं आहे. कुठून सुरुवात करू?

रविवारी सकाळी तिला घेऊन बाजारात जा. बोंबील, पापलेट, हलवा, बांगडा आणि छोटी मुशी मिळते का पाहा. विकत घेण्याआधी मावशींना नावं विचारा, त्या नावांतही माहिती असते. घरी कागदावर आडवे मासे आणि उभे गुण असा तक्ता करा: सांगाडा हाडांचा आहे का (की कूर्चेचा), कल्ल्यांवर झाकण आहे का (की नुसत्या फटी), शेपटीच्या बुडाशी कडक धार आहे का, बांगड्याच्या शेपटीआधी असतात तसे सुटे छोटे पर आहेत का. हो असेल तिथे 1, नसेल तिथे 0. मुशीला बहिर्गट ठेवा. मग तिला पेन्सिलीने झाड काढू द्या. ती बहुधा पापलेट आणि हलवा एकत्र ठेवेल. ठेवू द्या, आणि मग हलव्याच्या शेपटीवरून तिचं बोट फिरवा.